तुम्ही काय खाता, असे विचारणारा पाद्री

गेल्या पावसाळ्यात सातपूरच्या एका कारखान्यातला कामगार ओपीडीत हात दाखवायला आला. मनगटापासून कोपरापर्यंत लाल पुरळ, बारीक फोड आणि रात्रभर झोपू न देणारी आग. कारखान्याच्या मागच्या अंगाला घायपाताचे जुने कुंपण होते, ते काढायचे काम त्याच्याकडे आले होते. त्याने ते हातमोजे न घालता, विजेच्या करवतीने काढले. घायपाताच्या पानाच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. करवत चालली की रसाचे तुषार उडतात आणि त्या सुया कातडीत रुततात. हात भरपूर पाण्याने धुवायला सांगितले, मलम दिले, खाजेची गोळी दिली. आठवड्याभरात हात बरा झाला.

मी औषध लिहीत असताना आमच्या इंटर्न मुलीने मोबाइलवर पाहिलेली एक गोष्ट सांगितली. मेक्सिकोत म्हणे याच झाडातल्या अळ्या काढतात आणि तळून खातात. सांगताना तिने जे तोंड केले ते बघून कामगारही हसला. शेजारच्या स्टुलावर पेठ तालुक्यातून लेकीकडे आलेल्या एक आजी बसल्या होत्या. रक्त कमी, धाप लागते, पाय गळून जातात. पाचच मिनिटांपूर्वी मी त्यांना आहार विचारला होता आणि त्यांनी भाजी-भाकर एवढेच सांगितले होते. इंटर्नचे बोलणे ऐकून आजी पदराआड हसल्या आणि हळू आवाजात सांगू लागल्या. पहिल्या पावसानंतर वारुळातून पंखवाले किडे निघत, तेव्हा त्या लहानपणी परडी घेऊन धावत आणि घरी आई ते भाजून देई. मग एकेक गोष्ट निघाली. शेतातले खेकडे, ओढ्यातले बारीक मासे, कुर्डूची भाजी, शेवळं, मोहाची फुलं. लेकीकडे सातपूरला आल्यापासून यातले जवळजवळ सगळे बंद. माझ्या केसपेपरवर मात्र दोनच शब्द होते, भाजी-भाकर.

लोकांना काय खाता असे विचारण्यात माझी तीस वर्षे गेली. उत्तर खरे यायचे असेल तर विचारणाऱ्याचे तोंड कसे असावे, हे मात्र वैद्यकीय महाविद्यालयात कुणी शिकवले नाही. साडेचारशे वर्षांपूर्वी एका माणसाने हा प्रश्न जवळजवळ जन्मभर विचारला आणि आलेली उत्तरे लिहून ठेवली. घायपातातल्या त्या अळीबद्दल आज जगाला जे जुन्यात जुने सविस्तर लिखित ज्ञान आहे, त्यातला मोठा भाग त्याच्या वहीतून आलेला आहे. तो डॉक्टर नव्हता, फ्रान्सिस्कन पंथाचा पाद्री होता. नाव बर्नार्दिनो दे सहागुन.

सहागुन हे त्याच्या गावाचे नाव. स्पेनच्या उत्तरेला लेओन प्रांतात हे गाव आहे. तिथे साधारण १४९९ साली त्याचा जन्म झाला. सालामांकाच्या विद्यापीठात तो शिकला, तिथेच पंथात गेला आणि १५२९ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, जहाजाने मेक्सिकोला पोहोचला. आठच वर्षांपूर्वी, १५२१ मध्ये, तेनोच्तित्लान हे अ‍ॅझ्टेकांचे सरोवरातले राजधानीचे शहर स्पॅनिश फौजेने आणि तिच्या स्थानिक मित्रांनी पाडले होते. देवळांच्या दगडांनी चर्चे बांधणे चालू होते. सहागुन तिथल्या लोकांना ख्रिस्ती करायला गेला होता, हे आधीच सांगून टाकतो. पुढे त्याच्याविषयी मी बरेच चांगले लिहिणार आहे, त्यात ही गोष्ट झाकली जाऊ नये.

तो नाहुआत्ल भाषा शिकला. ही अ‍ॅझ्टेकांची भाषा. आपण नाशिककर ती थोडी रोज बोलतो, फक्त आपल्याला माहीत नसते. पिंपळगावच्या बाजारात ज्याच्या क्रेटचा भाव सकाळी सकाळी विचारला जातो त्या टोमॅटोचे नाव नाहुआत्लमधल्या ‘तोमात्ल’वरून आले आहे. चॉकलेट, अ‍ॅव्होकाडो ही नावेही तिकडचीच. सहागुनचे या भाषेवर इतके प्रभुत्व होते की पुढे साठ वर्षे त्याचे सारे महत्त्वाचे काम तिच्यातच झाले.

१५३६ मध्ये त्लातेलोल्को इथे स्थानिक सरदार घराण्यांतल्या मुलांसाठी सांता क्रूझ नावाची पाठशाळा निघाली. सहागुन तिथे लॅटिन शिकवी. हे विद्यार्थी नाहुआत्ल, स्पॅनिश आणि लॅटिन अशा तीन भाषांत लिहू लागले. याच पाठशाळेत १५५२ मध्ये मार्तिन दे ला क्रूझ या स्थानिक वैद्याने औषधी वनस्पतींचे सचित्र पुस्तक तयार केले आणि हुआन बादियानो या दुसऱ्या स्थानिक विद्वानाने ते लॅटिनमध्ये आणले. सहागुनच्या हाताखालून गेलेल्या तरुणांपैकी अंतोनियो वालेरियानो पुढे मेक्सिको शहरातल्या स्थानिक वस्तीचा कित्येक वर्षे प्रमुख होता. या मुलांशिवाय सहागुनला काहीच करता आले नसते, आणि त्याने ते कबूलही केले. आपल्या ग्रंथात त्याने त्यांची नावे लिहून ठेवली. त्या काळी असे करणारे फार थोडे होते. आजही शोधनिबंधावर गावातल्या सुईणीचे किंवा आशाताईचे नाव किती वेळा दिसते?

मग १५४५ साली साथ आली. स्थानिक लोक तिला ‘कोकोलिझ्त्ली’ म्हणत. प्रचंड ताप, डोकेदुखी, नाकातोंडातून रक्त, काही दिवसांत मृत्यू. सहागुनने स्वतःच्या हातांनी त्लातेलोल्कोत दहा हजारांहून अधिक प्रेते पुरल्याची नोंद केली आहे. शेवटी तो स्वतःही आजारी पडला आणि मरता मरता वाचला. हा आजार कोणता, यावर आमच्या क्षेत्रात फार वाद झाले. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी ओहाका भागातल्या त्या काळच्या दफनभूमीतील सांगाड्यांच्या दातांतून जनुकीय अवशेष मिळवले. त्यांत साल्मोनेला एन्टेरिका पॅराटायफी सी हा जंतू सापडला, म्हणजे टायफॉइडचा एक भाऊबंद. साथीचे एकमेव कारण तोच होता असे त्यावरून म्हणता येत नाही. पण दातांच्या पोकळीत साडेचारशे वर्षे टिकून राहिलेला तो पुरावा मोठाच आहे.

म्हातारी माणसे मरत होती आणि त्यांच्याबरोबर माहितीही. सहागुनची वही खऱ्या अर्थाने इथून सुरू होते, असे मला वाटते. १५४७ च्या सुमारास त्याने वडीलधाऱ्यांच्या तोंडची जुनी उपदेशपर भाषणे उतरवून घेतली. १५५८ मध्ये पंथाच्या प्रांतप्रमुखाने त्याला रीतसर काम सोपवले. स्थानिक लोकांच्या धर्मप्रसाराला उपयोगी पडेल ते सारे त्यांच्याच भाषेत गोळा करायचे.

त्यासाठी तो तेपेपुल्को या गावी गेला. आज हे गाव इदाल्गो राज्यात आहे आणि तो सारा परिसर घायपातांचा मुलूख म्हणून ओळखला जातो. आपल्याकडे केकताड किंवा घायपात म्हणून जे बांधावर, रेल्वेरुळांच्या कडेला दिसते, त्याच्याच कुळातले तिकडचे मोठे झाड म्हणजे मागेय. नाहुआत्लमध्ये मेत्ल. पानांतून दोऱ्यांसाठी वाख निघतो, काट्यांच्या सुया होतात, झाडाचा गाभा खरवडला की गोड रस पाझरतो आणि तो आंबवला की पुल्के नावाचे पांढरे, पातळ मद्य तयार होते. आपल्याकडे माडाचे जे आहे ते तिकडे मागेयचे.

सहागुनची पद्धत ऐकण्यासारखी आहे. त्याने आधी प्रश्नांची यादी तयार केली. गावप्रमुखाकडून दहा-बारा जाणकार वृद्ध मागून घेतले. जवळजवळ दोन वर्षे तो त्यांच्यासमोर बसला. वृद्धांनी आपल्या जुन्या रीतीने उत्तरे चित्रांत दिली आणि पाठशाळेतल्या तरुणांनी त्या चित्रांखाली नाहुआत्लमध्ये मजकूर लिहिला. मग १५६१ मध्ये तो त्लातेलोल्कोला परतला आणि तिथल्या दुसऱ्या आठ-दहा जाणकारांकडून तीच माहिती पुन्हा तपासून घेतली. नंतर मेक्सिको शहरात तिसऱ्यांदा. औषधांच्या भागासाठी त्याने आठ स्थानिक वैद्य बसवले आणि त्यांची नावेही नोंदवली. एका रुग्णाचा इतिहास तीन वेगळ्या माणसांनी, तीन वेगळ्या दिवशी घ्यावा, तशातला हा प्रकार. आमच्या ओपीडीत एका रुग्णाला तीन मिनिटे मिळतात, म्हणून मला याचे जास्त कौतुक वाटत असावे.

यातून बारा भागांचा ग्रंथ उभा राहिला. देव, सण, शकुन, राजे, व्यापारी, कारागीर, माणसाचे शरीर आणि रोग, प्राणी, वनस्पती, खनिजे, आणि शेवटी स्पॅनिशांनी केलेला पाडाव, तोही पडलेल्यांच्या बाजूने सांगितलेला. अकराव्या भागात सजीवांची जंत्री आहे. तिच्यात किड्यांमध्ये मेओकुइलिन येते. मेत्ल म्हणजे मागेय आणि ओकुइलिन म्हणजे अळी. ती अगदी पांढरी असते, मागेयला भोक पाडून आत शिरते, खात खात पुढे जाते, आत आली त्या भोकातून विष्ठा बाहेर टाकते, आणि खायला फार चांगली असते, असा त्या नोंदीचा सारांश आहे. तांबड्या अळीची नोंद वेगळी आहे. तिचे नाव मिरचीच्या रंगावरून पडले, चिलोकुइलिन.

आजच्या कीटकशास्त्रज्ञाने ही नोंद वाचली तर त्याला फार दुरुस्ती करावी लागणार नाही. पांढरी अळी ही एजिएल हेस्पेरिआरिस या फुलपाखराची आहे आणि ती मागेयच्या जाड पानात राहते. तांबडी कोमादिया रेडटेनबाकेरी या पतंगाची आहे आणि ती बुंध्याच्या तळाशी, मुळांकडे टोळीने सापडते. दोघींचे कूळच वेगळे. तेपेपुल्को आणि त्लातेलोल्कोच्या म्हाताऱ्यांनी रंगावरून आणि नावावरून त्या कधीच वेगळ्या ठेवल्या होत्या.

आठव्या भागात राजे-सरदारांच्या ताटाचे वर्णन आहे. हिरव्या मिरचीतले बेडूक, पंखवाल्या मुंग्या, टोळ, आणि बारीक तिखट मिरचीच्या रश्शातल्या मागेयच्या अळ्या. ही दुष्काळातली गरिबाची पोटभरी नव्हती, राजवाड्याचा पदार्थ होता. अळी म्हणजे उपासमारीचे अन्न, असा आपला समज असतो आणि तो जाता जात नाही. सहागुनने ही यादी लिहिताना नाक मुरडलेले नाही. ज्या शाईने टर्कीचा रस्सा लिहिला त्याच शाईने अळीचा लिहिला.

पोषणाच्या बाजूने पाहिले तर त्या राजांचे काही चुकत नव्हते. मेक्सिकोतल्या अळ्यांची रासायनिक तपासणी विसाव्या शतकात हुलिएता रामोस-एलोर्दुय या शास्त्रज्ञ बाईंनी वर्षानुवर्षे केली. वाळवलेल्या पांढऱ्या अळीत साधारण ३० ते ४० टक्के प्रथिने निघतात आणि चरबीही भरपूर असते. मक्याच्या भाकरीवर जगणाऱ्यांना हे महत्त्वाचे. मक्याच्या प्रथिनांत लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही दोन अमिनो आम्ले कमी पडतात. ती उणीव शेंगावर्गीय धान्याने भरून निघते आणि प्राणिज घासानेही, मग तो मोठ्या जनावराचा असो की किड्याचा.

मक्यावरून एक गोष्ट आठवली, ती इथेच सांगतो. अ‍ॅझ्टेक बाया मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर ठेवून, मग वाटत. अशा मक्याला आज निक्स्टमल म्हणतात, तोही नाहुआत्ल शब्द. चुन्यामुळे मक्यात अडकलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळते. स्पॅनिशांनी मका युरोपात नेला, पण स्वयंपाकघर मागेच राहिले. मग मक्यावरच जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांत पेलाग्रा दिसू लागला. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडते, जुलाब लागतात, डोके भ्रमते. स्पेनमधल्या आस्तुरियात गास्पार कासाल या डॉक्टरने १७३५ मध्ये त्याचे वर्णन केले. मान आणि छातीवर माळेसारखा जो पट्टा उठतो त्याला आम्ही अजून कासालची माळ म्हणतो. त्या बायांना मका कसा शिजवता एवढे विचारून त्यांचे करणे सोबत नेले असते, तर हा रोग कित्येकांना झालाच नसता.

सहागुनच्या ग्रंथात मागेय औषध म्हणूनही येते. जखमेवर तिचा तापवलेला रस लावत, मीठ घालूनही लावत. १९८३ मध्ये या उपायाची प्रयोगशाळेत तपासणी झाली. मागेयचा रस जंतूंची वाढ रोखतो आणि मिठामुळे काही जंतूंवर त्याचा जोर वाढतो, असे दिसले. हे वाचून कुणी घायपाताचे पान तोडून जखमेवर पिळू नये. कच्चा रस काय करतो ते पहिल्या परिच्छेदातल्या हाताला विचारा.

आता मला अस्वस्थ करणारा भाग. सहागुनने ग्रंथाच्या प्रस्तावनेत स्वतःची तुलना वैद्याशी केली आहे. रोग कुठून उद्भवला हे ठाऊक नसेल तर वैद्याला औषध देता येत नाही, असा त्याचा युक्तिवाद. पण त्याच्या लेखी रोग म्हणजे त्या लोकांचा जुना धर्म. इतक्या आस्थेने विचारलेले सारे प्रश्न अखेर ते जग पुसून टाकण्यासाठी होते. आणि १५७९ मध्ये, म्हणजे अळीची, बेडकांची, चिया-राजगिऱ्याची सारी यादी लिहून झाल्यावर, त्याने नाहुआंसाठी लिहिलेल्या धार्मिक मजकुरात त्यांना सल्ला दिला की कास्तिलियन लोक खातात ते तुम्हीही खा. ते अन्न चांगले, ते खाऊनच ते लोक बळकट आणि शहाणे झाले, तुम्हीही व्हाल. म्हणजे गव्हाची रोटी, कोंबडी, मटण.

ज्या माणसाला त्यांचे अन्न इतर कोणत्याही युरोपीयापेक्षा जास्त ठाऊक होते, तोच हे सांगत होता. लिहून घेताना त्याचे कान उघडे होते. सल्ला द्यायची वेळ आली तेव्हा तो आपल्या गावच्या जेवणाकडे परत गेला. मी त्याला फार दोष देऊ शकत नाही. एका ठिकाणी नोकरीला असताना माझ्या टेबलावर छापील आहारपत्रिकांचा गठ्ठा असे. सफरचंद, बदाम, दूध, पनीर. ती पत्रिका मी सुरगाण्याच्या बाळंतिणीलाही दिलेली आहे आणि वर तिला समजावूनही सांगितले आहे. ती मान डोलवत होती. घरी गेल्यावर तिने पत्रिकेचे काय केले असेल, हे मला त्या दिवशी सुचले नाही.

सहागुनच्या ग्रंथाचे पुढे हाल झाले. १५६९ मध्ये नाहुआत्ल प्रत पूर्ण झाली. पुढच्याच वर्षी पंथातल्या वरिष्ठांनी ठरवले की लेखनिकांवर पैसा खर्च करणे आपल्या दारिद्र्याच्या व्रताला सोडून आहे. लेखनिक काढून टाकले. म्हातारबा सत्तरीचा, हात थरथरणारा, त्याला स्वतःला लिहिता येईना. कागद वेगवेगळ्या मठांत विखुरले गेले. काही वर्षांनी ते परत आले आणि रोद्रिगो दे सेकेरा या नव्या वरिष्ठाने पाठिंबा दिला, तेव्हा काम पुन्हा सुरू झाले. पानाच्या एका रकान्यात नाहुआत्ल, दुसऱ्यात स्पॅनिश, मधे मधे चित्रे. चित्रे सुमारे अडीच हजार.

आणि ऐन त्याच वेळी, १५७६ मध्ये, कोकोलिझ्त्ली परत आली. पाठशाळेच्या परिसरात रोज माणसे मरत होती आणि आत चित्रकार, लेखनिक काम करत होते. शेवटच्या भागांतली अनेक चित्रे बिनरंगाची राहिली आहेत. कोविडच्या दुसऱ्या लाटेत वॉर्डात बसून केसपेपर पूर्ण करणाऱ्या परिचारिका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ती बिनरंगाची पाने पाहताना वेगळे काही सांगावे लागणार नाही.

१५७७ मध्ये स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने हुकूम काढला. सहागुनचे सारे लिखाण गोळा करून पाठवून द्यावे, आणि या लोकांच्या जुन्या चालीरीतींवर कुणी कोणत्याही भाषेत लिहू नये. १५८० मध्ये सेकेरा हस्तलिखित घेऊन युरोपला गेला. सहागुनला ते पुन्हा दिसले नाही. तो स्वस्थ बसला नाही, आठवणीतून आणि उरल्यासुरल्या कागदांवरून काही भाग पुन्हा लिहीत राहिला. १५९० मध्ये, नव्वदीत, तो मेक्सिको शहरात वारला. स्पेनला परत गेलाच नाही.

हस्तलिखित फिरत फिरत इटलीत फ्लॉरेन्सला, मेदिची घराण्याच्या संग्रहात गेले आणि तिथे दोनशे वर्षे पडून राहिले. आजही ते तिथल्या लॉरेन्शियन ग्रंथालयात आहे, म्हणून त्याला फ्लॉरेन्टाइन कोडेक्स म्हणतात. नाहुआत्लमधून इंग्रजीत संपूर्ण भाषांतर व्हायला १९५० ते १९८२ असा काळ लागला. आता त्याचे पान न् पान संगणकावर कुणालाही पाहता येते. मेक्सिकोतल्या एखाद्या नाहुआ मुलीला आज आपल्या पूर्वजांचे जेवण त्यांच्याच भाषेत वाचता येते, ते या हट्टी म्हाताऱ्यामुळे आणि त्याच्या विद्यार्थ्यांमुळे.

अळीचे काय झाले? तिचे दिवस पालटले. आज मेक्सिको शहरातल्या महागड्या उपाहारगृहांत ती तव्यावर भाजून, मक्याच्या भाकरीत गुंडाळून, चटणीबरोबर देतात आणि एका ताटाचे पैसे मजुराच्या खिशाला झेपत नाहीत. तांबड्या अळीसाठी कोवळी झाडे मुळासकट उपटली जातात, त्यामुळे रानातली मागेय आणि अळी दोन्ही कमी होत चालली आहेत. मेझ्काल या मद्याच्या बाटलीत तळाशी जी अळी असते तीही तांबडीच. २०२३ मध्ये वेगवेगळ्या बाटल्यांतल्या अळ्यांची डीएनए तपासणी झाली, तेव्हा ज्यांचा निकाल आला त्या सगळ्या कोमादियाच निघाल्या. बाटलीत अळी टाकण्याची ही रीत विसाव्या शतकातली, विक्रीची युक्ती आहे. अ‍ॅझ्टेकांचा तिच्याशी काही संबंध नाही. आणि टकीलात अळी नसते, पैज लावायची असेल तर लावा.

आपल्या एका माणसाने हा मुलूख जवळून पाहिला होता. वर्ध्याचे क्रांतिकारक आणि कृषिशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग खानखोजे १९२४ मध्ये मेक्सिकोला पोहोचले आणि मेक्सिको शहराजवळच्या चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले. मक्यावर त्यांनी मोठे काम केले, गावोगावच्या शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या. चापिंगो ज्या तेश्कोकोला लागून आहे, ते सहागुनच्या ग्रंथात वारंवार येणारे नाव.

वाचक विचारतील म्हणून सांगतो. आपल्याकडच्या घायपातात ही अळी नाही. झाड इकडे आले, फुलपाखरू तिकडेच राहिले. तेव्हा सातपूरच्या कुंपणात ती शोधायला जाऊ नये. दुसरे, कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी परदेशात गेल्यावर हौसेने कीटक खाऊ नयेत. ट्रोपोमायोसिन नावाचे एक प्रथिन दोन्हींत सारखेच असते आणि शरीर त्यांत फरक करत नाही. अंगावर गांधी उठण्यापासून श्वास कोंडण्यापर्यंत काहीही होऊ शकते. औषध फवारलेल्या शेतातला किडा तर कुणीच खाऊ नये. बाकी किळस हा आजार नाही, आणि न खाणाऱ्याने खाल्लेच पाहिजे असेही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने २०१३ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगात दोनशे कोटी लोकांच्या पारंपरिक आहारात कीटक आहेत आणि खाल्ल्या जाणाऱ्या जाती १,९०० हून अधिक.

आजी महिन्याने तपासणीला आल्या. लोहाच्या गोळ्या त्यांनी नियमित घेतल्या होत्या, धाप कमी होती. लेकीने सातपूरच्या आठवडे बाजारातून दोनदा खेकडे आणले होते. ते कसे करता, असे मी विचारले. आजींनी नांग्या वेगळ्या ठेचून त्यांचे पाणी गाळून घ्यायचे, त्यात भाजलेल्या नागलीचे थोडे पीठ लावायचे, लसूण-मिरची किती आणि कधी, सगळे सांगितले. बाहेर रांग वाढत होती. इंटर्न मुलीने केसपेपर उलटा केला आणि मागच्या बाजूला लिहून घेतले.